औंधकर प्रतिनिधी आणि निजामाशी सलूख : शाहूकालीन परराष्ट्रनीतीतील एक उपेक्षित पक्ष

शाहूच्या दरबारात पहिला बाजीराव आणि श्रीपतराव प्रतिनिधी यांच्यात उत्तरेकडील स्वारीविषयी जो वाद झाला म्हणून सांगतात, तो महाराष्ट्रातील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. झाडाच्या खोडाचा आणि फांद्यांचा दृष्टान्त, छत्रपतींचा आनंदोद्गार आणि प्रतिनिधीचे निरुत्तर होणे, असा त्या प्रसंगाचा ठरीव साचा आहे. त्यात श्रीपतराव येतो तो केवळ पूर्वपक्ष मांडण्यापुरता. उत्तरपक्ष उज्ज्वल दिसावा म्हणून पूर्वपक्ष शक्य तितका फिका करावा, हा बखरकारांचा जुना परिपाठ. त्यामुळे प्रतिनिधीचे म्हणणे नेमके काय होते, ते कोणत्या परिस्थितीतून आले आणि पुढे घडलेल्या गोष्टींनी त्याचे समर्थन झाले की खंडन झाले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो येथे करावयाचा आहे. श्रीपतरावाची वकिली करावी असा हेतू नाही. त्याच्या पदरात बांधावयाचे दोष थोडेथोडके नाहीत, आणि ते यथास्थळी येतीलच.

प्रथम साधनांविषयी. दरबारातील ही भाषणे ज्या स्वरूपात आज प्रचलित आहेत ते स्वरूप उत्तरकालीन आहे. त्यास ग्रंथांत स्थान मिळाले ते मुख्यत्वे चिटणिशी बखरीच्या परंपरेमुळे आणि १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासामुळे. म्हणजे प्रसंग आणि त्याचे वर्णन यांत शंभर वर्षांच्या आसपास अंतर पडते. मल्हार रामराव चिटणीस लिहीत होता तेव्हा पेशवाईची भरभराट होऊन तिला ओहोटी लागली होती. डफ लिहीत होता तेव्हा तर पेशवाई बुडालेली होती. बाजीरावाच्या धोरणाचे फळ काय झाले हे दोघांसही ठाऊक होते, आणि फळ ठाऊक असलेल्या माणसाने बीजाविषयी झालेल्या वादाचे वर्णन केले की त्यात दूरदृष्टी सगळी एका बाजूस आणि कोतेपणा सगळा दुसऱ्या बाजूस जातो. सबब ही भाषणे शब्दशः ग्राह्य धरता येत नाहीत. तथापि त्यांतील मुद्दे काल्पनिक आहेत असेही म्हणता येत नाही. कारण त्याच दहा-बारा वर्षांत प्रतिनिधीने जी प्रत्यक्ष कृत्ये केली ती त्या मुद्द्यांशी जुळतात. माणसाचे भाषण संशयास्पद असेल तर त्याच्या कृतीवरून त्याचे मत ठरवावे, हा नियम येथे उपयोगी पडतो.

औंधचे घराणे मूळचे किन्हईचे. परशुराम त्रिंबक याने रामचंद्रपंत अमात्याच्या हाताखाली राजारामाच्या आपत्काळात नाव मिळविले. पन्हाळा मोगलांकडून परत घेणे आणि १७०० साली खुद्द औरंगजेबाच्या वेढ्यास तोंड देत सातारा-परळीच्या किल्ल्यांची लढाई चालविणे, ही त्याची ठळक कामगिरी. प्रतिनिधिपद राजारामाने जिंजीस निर्माण केले आणि प्रल्हाद निराजीस दिले; पुढे ते परशुरामपंताकडे आले. शिवाजीच्या अष्टप्रधानांत या पदास स्थान नव्हते. राजा दूर असता त्याच्या नावाने सर्व कारभार पाहावयाचा म्हणून ते निघाले, आणि मानाने पेशव्याच्याही वर बसले. राजा परत आला, राज्य स्थिर झाले, तरी पद राहिलेच. त्याचे काम काय, हे मात्र पुढे स्पष्ट उरले नाही. ज्याचा मान मोठा आणि काम अनिश्चित, तो अधिकारी दरबारात सल्ल्याच्या जोरावरच आपले वजन राखू पाहतो. श्रीपतरावाच्या अनेक हालचालींचा उलगडा यावरून होतो.

परशुरामपंताचा शाहूशी संबंध सुरळीत नव्हता. १७०७ साली शाहू दक्षिणेत परतला तेव्हा पंत ताराबाईच्या पक्षाचा राहिला आणि साताऱ्याचा किल्ला त्याने लढविला. किल्ला पडल्यावर तो कैद झाला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूचा राज्याभिषेक झाला तेव्हा प्रतिनिधिपद प्रल्हाद निराजीचा मुलगा गदाधर प्रल्हाद याजकडे होते. पंत पुढे सुटला, पदावर आला. पण त्याचा मुलगा कृष्णाजी विशाळगडावर असता कोल्हापूरच्या पक्षास मिळाला, तेव्हा पंतावर पुन्हा संशय येऊन बंदिवास आला. त्याचे डोळे काढण्याचा हुकूम झाला होता आणि खंडो बल्लाळाने रदबदली करून तो वाचविला, असे परंपरा सांगते. अखेर १७१३ च्या सुमारास पंताची प्रतिष्ठा पूर्ववत झाली, व १७१८ साली तो वारला तेव्हा पद श्रीपतरावास मिळाले. म्हणजे ज्या माणसास आपण पुढे निजामाशी सलूख करा म्हणून सांगताना पाहणार आहोत, त्याचा बाप छत्रपतीच्या कैदेत राहिलेला आणि थोरला भाऊ शत्रुपक्षाचा प्रतिनिधी म्हणून विशाळगडावर बसलेला. एकाच घरातील दोन भाऊ दोन छत्रपतींचे प्रतिनिधी, ही गोष्ट त्या काळी कोणास विपरीत वाटत नसे. घराणे कोणत्याही बाजूने तगावे, ही वतनदारांची रीत होती. परंतु श्रीपतरावाच्या दृष्टीने वारणेपलीकडचा शत्रू हा निव्वळ शत्रू नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता १७१९ च्या सनदांकडे वळावे. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याची, चौथाईची व सरदेशमुखीची अशा सनदा घेऊन आला. औरंगाबाद, वऱ्हाड, बेदर, विजापूर, हैदराबाद आणि खानदेश या दक्षिणेतील सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी मिळाली. मोबदल्यात शाहूने पंधरा हजार फौज बादशाही चाकरीस ठेवावी, स्वराज्याबद्दल सालीना दहा लक्ष रुपये पेशकश द्यावी आणि मुलखात चोरी-दरोड्यांचा बंदोबस्त करावा, असे ठरले. या तहास मराठी राज्याच्या विस्ताराचा पाया म्हणतात ते खरे. परंतु पाया कोणत्या जागी घातला गेला हेही पाहिले पाहिजे. सहा सुभ्यांचा मालक कागदोपत्री बादशहा, आणि प्रत्यक्षात जो कोणी दक्षिणेचा सुभेदार असेल तो. मराठ्यांचा हक्क दुसऱ्याच्या मुलखातील वसुलाच्या हिश्शाचा. तो हक्क बजावावयाचा तर एक तर सुभेदार राजी पाहिजे, नाही तर दरसाल फौज पाठवून त्यास राजी करावयास पाहिजे. शत्रूशी कायमचे युद्ध किंवा शत्रूशी कायमचा समझोता, यांवाचून या सनदांतून तिसरी वाट निघत नाही. बाजीराव आणि श्रीपतराव यांचा खरा वाद या दोन वाटांचा आहे. दिल्लीचे खोड तोडावे की न तोडावे, हा प्रश्न त्यामानाने नंतरचा.

वसुलाच्या वाटणीचेही येथे महत्त्व आहे. चौथाईपैकी चौथा हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींचा. बाकीच्यातून सहोत्रा व नाडगौडा वजा जाता उरलेला मोकासा सरदारांच्या फौजखर्चास. राजबाबती गोळा करण्याचे काम पेशवा, प्रतिनिधी आणि सचिव यांजकडे असे. मुलखाची जी वाटणी चिटणिशी परंपरेत सांगितली आहे तीत पेशव्याकडे खानदेश व बालाघाटाचा काही भाग, सेनापतीकडे बागलाण व गुजराथ, फत्तेसिंग भोसल्याकडे कर्नाटक, आणि प्रतिनिधीकडे नीरेपासून वारणेपर्यंतचा मुलूख व त्याखेरीज हैदराबाद-बेदरकडील अंमल, अशी विभागणी आहे. नकाशा पुढे ठेवून ही वाटणी पाहिली की दरबारातील मते बऱ्याच अंशी आपोआप लागतात. पेशव्याचा मुलूख उत्तरेच्या वाटेवर. त्यास नर्मदेपलीकडे जाणे स्वाभाविक. प्रतिनिधीचा खास मुलूख कऱ्हाड, औंध आणि कृष्णाकाठचा. त्याच्या दाराशी कोल्हापूर, पश्चिमेस घाट उतरला की सिद्दी, आणि पूर्वेस त्याच्या वसुलाचे मूळ असलेला निजाम. ज्याच्या शेताच्या तिन्ही बांधांवर तंटे आहेत, त्यास चौथ्या गावच्या जमिनीचा मोह कमीच असावयाचा. यास कोतेपणा म्हणता येईल, परंतु तो भूगोलाने दिलेला आहे.

प्रतिनिधीचे म्हणून जे मुद्दे सांगितले जातात ते असे : खजिना रिकामा आहे, फौज कर्जावर चालते, सिद्द्याने कोकण बळकावले आहे ते आधी सोडवावे, कोल्हापूरकर संभाजीचा बंदोबस्त करावा, कर्नाटकात शिवछत्रपतींनी केलेले काम पुरे करावे, निजामासारख्या बलाढ्य शेजाऱ्यास डिवचू नये, हे झाल्यावर उत्तरेचा विचार. यांतील पहिला मुद्दा तर बाजीरावाने स्वतःच जन्मभर खरा करून दाखविला. ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून त्याचे कर्जाचे रडगाणे इतके ऐकू येते की प्रतिनिधीस वेगळा पुरावा देण्याचे कारणच नव्हते.

निजामाविषयीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. येथे एक गोष्ट विसरली जाते. निजामाशी सलोखा ठेवावा असे केवळ प्रतिनिधी म्हणत होता असे नाही. १७२५ पर्यंत बाजीरावही तेच करीत होता. १७२१ च्या आरंभी चिखलठाण येथे त्यांची भेट झाली, १७२४ साली माळव्यात नालछा येथे पुन्हा झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्यावर मुबारिजखानाचा पराभव करून निजाम दक्षिणेचा स्वतंत्र धनी झाला तेव्हा बाजीराव त्याच्या बाजूने रणात होता. दिल्लीच्या बादशहाने नेमलेल्या सुभेदाराविरुद्ध बंडखोर निजामास साह्य करणे हे त्या वेळच्या मराठी हिताचे होते की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण हैदराबादचे राज्य उभे राहण्यास पेशव्याचाही हातभार लागला, एवढे निर्विवाद आहे. तेव्हा सलोख्याच्या नीतीचा सगळा भार एकट्या प्रतिनिधीच्या माथी मारणे न्याय्य होत नाही.

फाटा फुटला तो १७२५ ते १७२७ या काळात. फत्तेसिंग भोसल्याच्या नावाखाली कर्नाटकात दोन स्वाऱ्या झाल्या, एक चित्रदुर्गाकडे व दुसरी श्रीरंगपट्टणाकडे, आणि दोहोंत बाजीराव गुंतला होता. ती संधी साधून निजामाने साताऱ्यास बोलणे लाविले : हैदराबाद ही आपली नवी राजधानी, तिच्या आसमंतात मराठ्यांचे कमाविसदार फिरणे शोभत नाही, तेथील चौथाई-सरदेशमुखीऐवजी ठराविक रोख रक्कम घ्यावी व इंदापुराकडे काही जहागीर घ्यावी. ही वाटाघाट प्रतिनिधीच्या मार्फत झाली. डफ म्हणतो की याबद्दल प्रतिनिधीस वऱ्हाडात जहागीर मिळाली. बाजीराव परत आल्यावर त्यास हा व्यवहार मुळीच पसंत पडला नाही.

येथे क्षणभर थांबून प्रतिनिधीच्या बाजूने काय म्हणता येईल ते पाहू. हैदराबादेकडील अंमल त्याच्या वाटणीचा. म्हणजे तो पराया विषयात ढवळाढवळ करीत नव्हता. रोख रक्कम दरसाल हाती आली तर वसुलासाठी फौज ठेवण्याचा खर्च वाचतो, रयतेस दोन धन्यांचा उपद्रव होत नाही, आणि कर्जबाजारी सरकारास नक्त पैसा मिळतो. हिशेबी कारकुनाच्या नजरेने पाहिल्यास हा सौदा वाईट नव्हता. जहागिरीविषयी म्हणावे तर त्या काळी दोन सरकारांची वतने एका घरात नांदत. आणि साखरखेर्ड्यानंतर निजामाने बाजीरावाचाही गौरव केलाच होता. परंतु गौरव आणि जहागीर यांत फरक आहे. ज्या तहाची बोलणी आपण आपल्या धन्याच्या वतीने करतो, त्याच तहाच्या निमित्ताने दुसऱ्या पक्षाकडून मुलूख घेणे हे त्या काळच्या मापानेही निंद्य होते. डफच्या या विधानास समकालीन कागदाचा भक्कम आधार मिळेतो ते पूर्ण सिद्ध मानू नये हे खरे. तथापि ते खरे असल्यास श्रीपतरावाचा सल्ला निरपेक्ष होता असे म्हणावयाची सोय राहत नाही.

माझ्या मते मात्र त्याची मुख्य चूक लाचेची नव्हे, आकलनाची होती. कमाविसदार हा केवळ वसुली कारकून नव्हता. परमुलखातील गावात छत्रपतींचा शिक्का घेऊन बसलेला माणूस हीच सनदेची जिवंत खूण होती. ती उचलून तिच्याऐवजी थैली घेतली की हक्काचे रूपांतर नेमणुकीत होते, आणि नेमणूक देणारा ती बंदही करू शकतो. निजामाने हे लगोलग सिद्ध केले. चौथाईचा खरा हक्कदार कोण, शाहू की कोल्हापूरचा संभाजी, याचा निकाल लागेपर्यंत वसूल जप्त राहील. दोघांनी आपापले पुरावे आपणापुढे मांडावे, असे त्याने कळविले. चंद्रसेन जाधव आणि रंभाजी निंबाळकर त्याच्या पदरी होतेच. संभाजीही येऊन मिळाला. म्हणजे ज्यास प्रतिनिधी शेजारी समजत होता तो छत्रपतींच्या गादीचा न्यायाधीश होऊ पाहत होता. पैशांचा तंटा पैशांनी मिटतो. न्यायनिवाड्याचा अधिकार कोणाचा, हा तंटा पैशांनी मिटत नाही.

डफच्या कथनाप्रमाणे शाहू संतापल्यावर निजामाने प्रतिनिधीच्या मार्फत खुलासा करण्याचा प्रयत्न केला. आपला रोख शाहूवर नसून दरबारात माजलेल्या कोकणस्थ पेशव्यावर आहे, असा त्या खुलाशाचा मथितार्थ. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने ही खेळी मोठी कुशल होती. शत्रुराज्यातील दोन पक्षांपैकी एकास जवळ करून, लढाई राज्याशी नव्हे तर दुसऱ्या पक्षाशी आहे असे भासवावे. म्हणजे सलोख्याचा सल्ला देणारा प्रामाणिक असला तरी आपोआप शत्रूचा वकील ठरतो. श्रीपतरावाची स्थिती तशी झाली. तहाची बाजू घेणाऱ्या मुत्सद्द्यावर असा प्रसंग अनेक देशांत आला आहे. १९३८ साली म्युनिकचा करार करून परतलेल्या चेंबरलेनचे उदाहरण वाचकांच्या डोळ्यांपुढे सहज येईल. पण ते साम्य फार ताणू नये. तेथे निर्णय घेणारा तो स्वतः होता. येथे निर्णय शाहूचा होता, आणि प्रतिनिधी सल्लागार.

शाहूने निर्णय फिरविला आणि युद्ध बाजीरावावर सोपविले. पुढची हकीकत सुपरिचित आहे. जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजराथ अशी दौड करून बाजीरावाने निजामास आपल्या मागे ओढले. निजाम पुण्यात येऊन संभाजीस तेथे मिरवीत बसला, आणि अखेर तोफखाना मागे टाकून गोदावरीकडे धावला तो २५ फेब्रुवारी १७२८ रोजी वैजापुरानजीक पालखेडच्या आसपास अन्नपाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहूचे हक्क मान्य झाले, कमाविसदार पुन्हा बसावयाचे ठरले. संभाजीस स्वाधीन करण्याचे निजामाने नाकारले, पन्हाळ्यास पोचवून देण्याचे मात्र कबूल केले. पालखेडला निजाम जिवंत हाती सापडला असता बाजीरावाने तहावर समाधान मानले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणजे निजामास समूळ उखडावे असे युद्धपक्षाचेही धोरण नव्हते. प्रतिनिधी आणि पेशवा या दोघांसही निजामाशी तहच हवा होता. एकास तो लढाईपूर्वी हवा होता, दुसऱ्यास लढाईनंतर. आणि लढाईनंतरच्या तहात कमाविसदार परत आले, हा फरक लहान नव्हे.

तो तह टिकला किती? तीनच वर्षांनी सेनापती त्रिंबकराव दाभाडे निजामाच्या संधानाने पेशव्याविरुद्ध उठला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणात पडला. त्यानंतर डिसेंबर १७३२ मध्ये रोहे-रामेश्वर येथे बाजीराव आणि निजाम समोरासमोर भेटले, व उत्तरेतील मराठ्यांच्या उद्योगास निजामाने आड येऊ नये, असा समजुतीचा व्यवहार झाला. हीच भेट श्रीपतरावाने घेतली असती तर बखरकारांनी तिचे वर्णन कसे केले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

इकडे वारणेकाठी प्रतिनिधीचा दुसरा पैलू दिसतो, आणि तो त्याच्या निंदकांनी पाहिलेला नाही. शत्रूशी नेहमी गोडीने वागावे असे त्याचे मत असते तर कोल्हापूरकरांविषयी तर ते विशेषच असते, कारण तेथे त्याचा सख्खा भाऊ होता. परंतु मुंगी-शेवगावनंतर संभाजी व उदाजी चव्हाण यांनी शाहूच्या मुलखात उपद्रव चालविला तेव्हा १७३० च्या आरंभी वारणेवरील त्यांच्या छावणीवर तुटून पडला तो श्रीपतरावच. संभाजी पन्हाळ्यास निसटला. ताराबाई, राजसबाई आणि संभाजीची राणी जिजाबाई हाती सापडल्या. शाहूने बायकांस सन्मानाने परत पाठविण्याचे ठरविले, पण ताराबाईने साताऱ्यासच राहणे पसंत केले.

या लढाईची पालखेडशी तुलना कोणी करीत नाही, आणि लष्करी कौशल्याच्या दृष्टीने ती होणारही नाही. पण तिच्यातून जो तह निघाला तो पाहावा. फेब्रुवारी १७३१ मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथे शाहू आणि संभाजी या चुलतभावांची भेट झाली. कऱ्हाडचा हा परिसर प्रतिनिधीच्या अंमलातला. त्यानंतर एप्रिलमध्ये वारणेचा तह लिहिला गेला. वारणा ही दोन्ही राज्यांची सीमा ठरली. मिरज, तासगाव, अथणी ही ठाणी शाहूकडे यावयाची, रत्नागिरी व कोपळ यांची अदलाबदल व्हावयाची. तुंगभद्रेपलीकडे जे नवे मिळेल त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. आणि एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत. शेवटचे कलम वाचताना विशाळगडचे आणि औंधचे प्रतिनिधी डोळ्यांपुढे येतात. १७०७ पासून चाललेली भाऊबंदकी या तहाने थांबली, आणि निजामाच्या हातातील सर्वांत धारदार हत्यार, म्हणजे गादीचा दुसरा हक्कदार, त्याच्या हातून गेले. कोल्हापूरचे राज्य वेगळे राहिले ते १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. अठराव्या शतकातील तहांच्या मानाने हे आयुष्य मोठेच म्हणावयाचे. कोल्हापूरचा बंदोबस्त आधी करा, हा प्रतिनिधीचा मुद्दा येथे खरा ठरला, हे मान्य करावयास हवे. १७२७ पूर्वी तो झाला असता तर निजामास संभाजीचे निमित्तच मिळाले नसते. परंतु पालखेडपूर्वी संभाजी तहास आला असता काय? निजामाचा आधार तुटल्यामुळेच तो वारणेवर एकटा पडला होता. तेव्हा पेशव्याच्या युद्धाने प्रतिनिधीच्या तहास वाट करून दिली, असेच म्हणावे लागते.

तिसरी कसोटी जंजिऱ्याची. सिद्द्याचा उच्छेद आधी करावा, हा प्रतिनिधीचा आवडता विषय. सिद्दी सातने १७२७ मध्ये चिपळूणनजीकच्या परशुरामक्षेत्राची नासधूस केल्यापासून ब्रह्मेंद्रस्वामी या गोष्टीसाठी शाहूच्या मागे लागले होते. १७३३ च्या फेब्रुवारीत जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान मरण पावून वारसाहक्काचा तंटा उपस्थित झाला, आणि शाहूने मोहीम काढली. बाजीराव व फत्तेसिंग मे महिन्यात राजपुरीस पोचले; आंग्र्यांनी समुद्र सांभाळावयाचा; प्रतिनिधीही कोकणात उतरला. ८ जून १७३३ रोजी रायगड मराठ्यांच्या हाती आला. १६८९ साली गेलेली शिवछत्रपतींची राजधानी चव्वेचाळीस वर्षांनी परत मिळाली, आणि ती मिळविली प्रतिनिधीच्या माणसांनी, आतील लोकांशी गुप्तपणे संधान बांधून. बाजीरावास न कळविता हे केल्याबद्दल तो रुष्ट झाला. रायगड घेतल्याचे श्रेय कोणाचे, यावरून दोन्ही छावण्यांत जी तेढ वाढली तिने पुढचे काम बिघडविले, यात शंका नाही.

श्रीपतरावाची पद्धत येथे पुरती दिसते. तो भेदनीतीचा मनुष्य. किल्ला चढून घेण्यापेक्षा दार आतून उघडून घेणे त्यास साधे. रायगडावर ती पद्धत फळास आली. अंजनवेल आणि गोवळकोटची ठाणी सिद्दी सातकडून बोलण्याबोलण्यात काढण्याचा त्याने तसाच प्रयत्न केला, तो फसला; बोलणी लांबली, पाऊस लागला, शत्रू सावध झाला. त्यातच सेखोजी आंग्रे वारला, त्याच्या भावांत वितुष्ट आले, आणि मुंबईकर इंग्रजांनी जंजिरेकरास मदत केली. डिसेंबरात बाजीरावाने तह करून मोहीम आटोपती घेतली : अब्दुल रहमानास जंजिऱ्याचा धनी मानावे, अकरा महालांचा निम्मा वसूल मराठ्यांनी घ्यावा, रायगडादी घेतलेले किल्ले मराठ्यांकडे राहावे. जंजिरा राहिलाच. त्याचे पूर्ण पारिपत्य व्हावयास एप्रिल १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी सातास रणात मारीपर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही बेट जिंकले गेले नाही.

युद्धपक्षाच्या नायकाने येथे तहाची घाई केली आणि सलोख्याच्या नायकाने युद्ध चालू ठेवावे असा आग्रह धरला, ही उलटापालट सूचक आहे. बाजीरावाचे चित्त उत्तरेत. कोकणातील एका बेटापायी वर्ष घालविणे त्यास परवडत नव्हते. प्रतिनिधीस निजामाशी दोन वर्षे लढणे परवडत नव्हते, सिद्द्याशी मात्र चालत होते. यावरून युद्ध आणि तह हे या दोघांचे स्वभाव नव्हते, हिशेब होते, असे म्हणावयास हरकत नाही. एकास शूर आणि दुसऱ्यास भित्रा ठरविणाऱ्या लेखकांनी १७३३ चे वर्ष वगळल्यासारखे दिसते.

आणि शाहू? या वादाचा निकाल देणारा तो. त्याच्याविषयी अनेकांनी फार हलक्या शब्दांत लिहिले आहे. औरंगजेबाच्या छावणीत वाढलेला, सुटकेनंतर खुलदाबादेस जाऊन बादशहाच्या कबरीचे दर्शन घेणारा शाहू बादशाहीचा समूळ नाश इच्छीत नव्हता, हे खरे. पण त्यामुळेच त्याच्या दरबारात दोन्ही पक्षांस जागा होती. निजामाशी लढावयाचे तेव्हा त्याने पेशव्यास पुढे केले, भावाशी तह करावयाचा तेव्हा प्रतिनिधीचा उपयोग केला, आणि एकाच्या यशाने दुसऱ्यास दरबारातून उठविले नाही. पेशव्याच्या बेलगाम विस्तारास लगाम घालणारा कोणी तरी मानकरी समोर असावा, ही त्याची गरज होती. श्रीपतराव ती भागवीत होता. १७४० मध्ये बाजीराव वारला. श्रीपतराव त्यानंतर सहा वर्षे जगला आणि १७४६ च्या अखेरीस वारला. शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेला.

त्यानंतर काय झाले हे प्रतिनिधींच्या पक्षाच्या दृष्टीने फार थोडक्यात सांगता येते. श्रीपतरावाचा भाऊ जगजीवन परशुराम आणि मुतालिक यमाजी शिवदेव यांनी ताराबाईच्या बळावर पेशव्यास विरोध करून पाहिला. १७५० साली सांगोल्यास तो मोडला, आणि त्याच ठिकाणी छत्रपतींचा कारभार पेशव्याच्या हाती जाण्यावर शिक्कामोर्तब झाले. युद्ध कोणाशी आणि तह कोणाशी, हे यापुढे पुण्यास ठरू लागले. त्याविरुद्ध मत असलेल्या मानकऱ्यास ते दरबारात मांडण्याची जागा उरली नाही. १७६२ च्या अखेरीस राघोबादादाच्या हाती सत्ता आल्यावर त्याने भवानराव प्रतिनिधीचे पद काढून आपल्या तान्ह्या मुलाच्या नावे केले आणि मुतालकी नारो शंकरास दिली. तेव्हा भवानराव सरळ उठून निजामाकडे गेला. श्रीपतरावाने निजामाशी जे संधान साताऱ्याच्या दरबारात बसून, छत्रपतींच्या माहितीने ठेविले होते, ते त्याच्या घराण्यातील पुढच्या प्रतिनिधीस शत्रूच्या छावणीत जाऊन ठेवावे लागले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे जाळले. १० ऑगस्ट रोजी राक्षसभुवनावर निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि त्यानंतर माधवराव पेशव्याने पहिल्या गोष्टींत जी गोष्ट केली ती ही की प्रतिनिधिपदाची वस्त्रे भवानरावास परत दिली.